बडी फ्रँकलिन: हजार गोल करणारा शेवटचा फॉरवर्ड?

यारा_काठचा (धागाकर्ता)

मेलबर्नला आलो २००६ मध्ये. इथे कोणी गाव विचारत नाही, आडनाव विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, तुझा क्लब कोणता? शेजारच्या आजोबांनी स्वतःची तपकिरी-सोनेरी पट्ट्यांची मफलर माझ्या गळ्यात घातली आणि प्रश्न निकालात निघाला. हॉथॉर्न. त्या संघात तेव्हा १९ वर्षांचा, डाव्या पायाने खेळणारा एक उंचापुरा पोरगा होता, पाठीवर २३ नंबर. लान्स फ्रँकलिन. त्याला सगळे बडीच म्हणायचे. पुढे तो सिडनीला गेला तरी मी त्याचे सामने पाहत राहिलो, पार २०२३ पर्यंत. ऑस्ट्रेलियन फुटबॉलवर, म्हणजे इथल्या भाषेत 'फुटी'वर, मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. बडीवर तर नाहीच. म्हणून हा धागा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. लंबगोल मैदान, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, ऑफसाइड नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून पायाने मारलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता गेला की गोल, ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', १ गुण. पायाने मारलेला आणि किमान १५ मीटर आलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला तर तो 'मार्क'. मग तुम्हाला कोणी अडवायचं नाही, शांतपणे मागे जायचं आणि खांबांकडे मारायचा. चेंडू घेऊन पळायचं असेल तर साधारण दर १५ मीटरला तो जमिनीवर टप्पा देऊन परत हातात घ्यायचा. चेंडू लांबट असल्यामुळे पळता पळता हे करणं किती अवघड आहे ते एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

फॉरवर्डचं काम वरवर सोपं दिसतं, गोल मारायचे. पण मधल्या फळीतल्या खेळाडूच्या हाती चेंडू सामन्यात २५-३० वेळा येतो, फॉरवर्डच्या हाती १०-१५ वेळा. बाकी सगळा वेळ बचावपटूला चकवून मोकळ्या जागेकडे धाव घ्यायची (याला 'लीड' म्हणतात), चेंडू आला नाही की परत फिरायचं, पुन्हा धावायचं. मैदानावर बसून पाहिलं तरच हे दिसतं, टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो.

बडीची उंची १९९ सेंटिमीटर. इतकी उंच माणसं पूर्वी खांबांसमोर उभी राहायची आणि उंच आलेले चेंडू झेलायची. हा गडी मात्र मैदानाच्या मध्यापर्यंत यायचा, तिथे चेंडू घ्यायचा आणि पळत सुटायचा. २०१० मध्ये एसेंडनविरुद्ध त्याने सीमारेषेच्या कडेने केलेली धाव यूट्यूबवर आहे, जरूर पाहा. एसेंडनचा केल हूकर जीव तोडून मागे धावतोय, बडी टप्पे देत पुढे, आणि अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. शेवटी रेषेला खेटून डाव्या पायाने मारलेला चेंडू वळून खांबांमध्ये. त्या वर्षीचा सर्वोत्तम गोल तोच ठरला. २०१३ मध्ये तो मान त्याला पुन्हा मिळाला.

आता त्याची ती गोल मारण्याआधीची वळणाची धाव. मार्क घेतल्यावर बहुतेक खेळाडू खांबांच्या रेषेत सरळ धावत येऊन मारतात. बडी मात्र उजवीकडून सुरुवात करून डावीकडे अर्धवर्तुळासारखा सरकत यायचा. चेंडूही तसाच, आधी खांबांच्या बाहेर निघाल्यासारखा वाटायचा आणि मग आत यायचा. रेष सोडली की पंच 'प्ले ऑन' म्हणतात, म्हणजे बचावपटूला अंगावर यायची मुभा. बडीच्या बाबतीत ते त्याचं नैसर्गिक वळण धरून पंच थांबायचे. यावरून प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षं कुरकुरले.

मी त्याच्यावर कायमचा फिदा झालो ते सप्टेंबर २००७ मध्ये. डॉकलंड्सच्या मैदानावर हॉथॉर्न विरुद्ध ॲडलेड, हरला तो घरी. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, आजोबा आणि मी. शेवटची काही सेकंदं उरली होती आणि हॉथॉर्न मागे. बडीने मार्क घेतला तो जवळजवळ ५५ मीटरवर. आजोबांनी डोळे मिटून घेतले आणि मला म्हणाले, "काय होतं ते तू सांग." चेंडू त्याच्या पायावरून निघाला तेव्हाच शेजारच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. गोलपंचाने दोन्ही हातांची बोटं पुढे केली तेव्हा मी आजोबांचा खांदा हलवला. ३ गुणांनी जिंकलो. त्या दिवशी बडीचे ७ गोल.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, ११३ गोल. शंभरावा झाला तेव्हा लोक रिवाजाप्रमाणे कठडे ओलांडून मैदानात. त्याच सामन्यात समोर कार्लटनचा ब्रेंडन फेवोला होता, त्यालाही शंभरी खुणावत होती. तो ९९ वर थांबला. त्या मोसमात हॉथॉर्नने अंतिम सामन्यात जीलाँगला हरवून कप जिंकला. तेव्हापासून आजवर एकाही खेळाडूने एका मोसमात शंभर गोल केलेले नाहीत.

२०१२ मध्ये टास्मानियातल्या लाँसेस्टनला नॉर्थ मेलबर्नविरुद्ध एकाच सामन्यात १३ गोल. २०१३ मध्ये दुसरा कप. आणि त्यानंतर काही दिवसांतच बातमी आली की बडी सिडनी स्वान्सकडे चालला, ९ वर्षांचा करार, १ कोटी डॉलर. २६ वर्षांच्या फॉरवर्डला ९ वर्षं! तो सिडनीतल्याच दुसऱ्या, नव्या क्लबकडे जाणार अशीच सगळीकडे चर्चा होती, त्यामुळे धक्का दुहेरी. आजोबांनी आठवडाभर त्याचं नाव घेतलं नाही.

शेवटचा आकडा: ३५४ सामने, १०६६ गोल. हॉथॉर्नसाठी ५८०, सिडनीसाठी ४८६. हजारी गाठलेले आजवर फक्त ६ जण. माझं मत असं की सातवा होणार नाही. का ते प्रतिसादांत बोलू.

क्रिकेटवेडा_नाशिक

छान ओळख. एक शंका, हा खेळ क्रिकेटच्याच मैदानावर कसा काय? एमसीजी (मेलबर्न) आणि एससीजी (सिडनी) ही क्रिकेट मैदानं आपल्याला कसोटीमुळे माहीत. मी इतकी वर्षं समजत होतो की आधी क्रिकेट आणि नंतर कोणीतरी फुटबॉल घुसवला.

यारा_काठचा

तुम्ही म्हणता ते अगदीच चूक नाही. टॉम विल्स नावाचा व्हिक्टोरियाचा नामांकित क्रिकेटपटू होता. १८५८ मध्ये त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. १८५९ मध्ये मेलबर्न क्लबचे नियम लिहिले गेले, त्यातून हा खेळ वाढला. मैदानं क्रिकेटची, म्हणून आकारही लंबगोल. याच विल्सने पुढे १८६६ मध्ये ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघाला शिकवलं होतं. बॉक्सिंग डे कसोटीला ज्या मैदानावर रांगा लागतात, तिथेच सप्टेंबरअखेर ग्रँड फायनल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना होतो.

पर्थची_पोर

बडी मूळचा आमच्याकडचा, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जन्म पर्थचा, वाढला डाउरिनला. पर्थपासून दीड-दोन तासांवर ईशान्येला, गव्हाच्या पट्ट्यातलं चिमुकलं गाव. आम्ही एकदा ऑगस्टमध्ये तिथे शेती अवजारांच्या प्रदर्शनाला गेलो होतो. गावापेक्षा प्रदर्शन मोठं! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत हिरवा गहू. घरात तो पाचवा, वर चार बहिणी. आईकडून तो नूंगार, म्हणजे नैऋत्य ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी.

२००८ च्या शंभर गोलांबद्दल तुम्ही लिहिलंत, पण एका मोसमात शंभर गोल करणारा तो पहिला ॲबोरिजिनल खेळाडू होता हे राहिलं. माझ्यासाठी त्या आकड्याचं मोल तिथे आहे. २००४ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) तो पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्या पाचांत हॉथॉर्नचे दोन, दुसऱ्या क्रमांकावर जॅरिड रफहेड आणि पाचव्यावर बडी. दोघेही फॉरवर्ड, आणि दोघांनीही कप जिंकून दिले. एका दिवसाची इतकी चांगली निवड क्वचितच कोणाला साधली असेल.

२०१५ विसरता येत नाही. सिडनीचाच ॲबोरिजिनल खेळाडू ॲडम गुड्स, दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, त्याला मैदानामैदानांवर प्रेक्षक हुर्यो करत होते. बडी तेव्हा त्याच संघात. मी पर्थच्या सामन्याला होते आणि माझ्या आजूबाजूचे, एरवी सभ्य वाटणारे लोक ओरडत होते. मला आजही त्याची लाज वाटते, ओरडले नाही तरी गप्प बसले म्हणून.

हिशेबनीस

लेख आवडला, पण भक्तिभाव थोडा बाजूला ठेवून आकडे पाहू. १०६६ भागिले ३५४, म्हणजे सामन्याला ३.०१ गोल. टोनी लॉकेट: २८१ सामन्यांत १३६०, सरासरी ४.८४. जेसन डन्स्टल: २६९ सामन्यांत १२५४. गॅरी ॲब्लेट सीनियर: २४८ सामन्यांत १०३१. गॉर्डन कॉव्हेंट्री १२९९, डग वेड १०५७. सहा जणांत बडीची सरासरी सगळ्यात कमी. आणि ज्याच्या नावाने सर्वाधिक गोलांचं पदक देतात त्या जॉन कोलमनने ९८ सामन्यांत ५३७ गोल केले होते, गुडघा गेल्यामुळे १९५४ मध्ये खेळ थांबला नसता तर काय झालं असतं?

दुसरा मुद्दा करार. १ कोटी डॉलर आणि कप शून्य. २०१४ ची ग्रँड फायनल बडीच्या जुन्या हॉथॉर्ननेच ६३ गुणांनी जिंकली. २०१६ ला वेस्टर्न बुलडॉग्जकडून २२ ने हार, २०२२ ला जीलाँगकडून ८१ ने. तो राहिला असता तर हॉथॉर्नसोबत २०१४ आणि २०१५ चे दोन कप आणखी मिळाले असते. पगाराची मर्यादा असलेल्या लीगमध्ये एकाच खेळाडूवर एवढा खर्च म्हणजे बाकीच्या १७ जागांवर काटकसर. लीगने तर अट घातली होती की तो लवकर निवृत्त झाला तरी ९ वर्षं ती रक्कम सिडनीच्या मर्यादेत मोजली जाईल. म्हणजे धोका सगळ्यांना दिसत होता.

यारा_काठचा

@हिशेबनीस, आकडे बरोबर आहेत. पण लॉकेट आणि डन्स्टल खेळले तेव्हाचं मैदान डोळ्यांसमोर आणा. खांबांसमोर फॉरवर्ड आणि त्याचा एक बचावपटू, दोघंच. बाकीचे लांब. चेंडू उंच यायचा, ज्याचं अंग भारी तो झेलायचा. २००० नंतर प्रशिक्षकांनी बचाव घोळक्याने करायला सुरुवात केली. आज चेंडू पुढे निघाला की सगळा संघच मागे सरकतो, फॉरवर्डच्या पुढच्या मोकळ्या जागेत दोन-तीन माणसं आधीच उभी. एकाच्या अंगावरून उडी मारून झेलेपर्यंत दुसरा मुठीने चेंडू उडवतो. शिवाय प्रशिक्षकांनाही गोल पाच-सहा जणांत वाटलेले हवे असतात, म्हणजे एकाला रोखून संघ रोखला जात नाही.

गेल्या काही मोसमांतले कोलमन विजेते पाहा. २०२१ मध्ये हॅरी मॅकाय ५८, २०२२ मध्ये चार्ली कर्नो ६४. सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याचे हे आकडे! हजार गाठायला दरवर्षी ६० गोल, तेही सलग १६-१७ वर्षं. कोणाचा गुडघा टिकेल? बडीने ४ कोलमन जिंकली, २००८, २०११, २०१४, २०१७, बरोब्बर तीन-तीन वर्षांच्या अंतराने. शेवटच्या वेळी तो तिशीत होता आणि साखळीच्या शेवटच्या सामन्यात कार्लटनविरुद्ध १० गोल करून त्याने सगळ्यांना मागे टाकलं. घोळक्याच्या बचावाच्या काळात ३.०१ ही सरासरी मला लॉकेटच्या ४.८४ पेक्षा कमी वाटत नाही.

कपाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ती सल आहे.

सिडनीतली_मावशी

करार वसूल झाला की नाही हे मला नाही सांगता येणार. २५ मार्च २०२२ ची रात्र मात्र सांगते.

शुक्रवार होता. एससीजीवर जीलाँगविरुद्ध सामना, बडीला हजारासाठी ४ गोल हवे होते. माझा धाकटा तेव्हा ११ वर्षांचा, त्याला घेऊन गेले. कोविडची दोन वर्षं घरात काढल्यावर पहिल्यांदा इतक्या माणसांत बसलो होतो. तीन गोल झाले. शेवटच्या क्वार्टरला लोक जिने उतरून कठड्याशी जमायला लागले. सुरक्षारक्षक बिचारे नारिंगी जाकिटं घालून ओळीने उभे, पण त्यांनाही माहीत होतं की आज काही उपयोग नाही.

त्याने मार्क घेतला आणि सगळं मैदान एकदम गप्प. खोटं वाटेल, पण लाइटच्या खांबांवरच्या सीगल पक्ष्यांचा आवाज ऐकू येत होता. तो ती वाकडी धाव घेत आला, चेंडू मारला, आणि खांबांमधून जायच्या आधीच माझ्या शेजारचे लोक कठड्यावरून पलीकडे गेले होते. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जा, पण परत इथेच ये." मग मीच त्याच्या मागे गेले. पन्नाशीच्या बाईने साडेतीन फुटांचा कठडा ओलांडला. गवत दवाने ओलं होतं. चारी बाजूंनी माणसं मध्याकडे धावत होती. बडी कुठे दिसलाच नाही, फक्त माणसांचा एक मोठा गोल आणि त्यात वर धरलेले हजारो फोन. आजोबा, कॉलेजची पोरं, हिजाब घातलेल्या दोन मुली, कोणी कोणालाही मिठी मारत होतं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ खेळ थांबला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सांगितलं की १९९९ मध्ये याच मैदानावर लॉकेटने कॉव्हेंट्रीचा विक्रम मोडला तेव्हाही ते असेच धावले होते, "तेव्हा माझे गुडघे चांगले होते."

रग्बीच्या शहरात हे घडलं हो. मी २००१ मध्ये सिडनीला आले तेव्हा आमच्या भागात फुटीचा चेंडू दुकानात शोधावा लागायचा.

ओसरीवरून

मावशी, अंगावर काटा आला वाचताना.

२०१५ ची आणखी एक गोष्ट. त्या वर्षी बाद फेरीच्या तोंडावर क्लबने जाहीर केलं की बडी मानसिक आरोग्याच्या कारणाने खेळणार नाही. मी त्या काळात स्वतः गोळ्या घेत होतो आणि ऑफिसात पाठदुखी सांगून सुट्या काढत होतो. माझ्या साहेबांना खरं कारण सांगायची हिंमत झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी डबा खाताना टेबलावर सगळे बडीबद्दलच बोलत होते आणि एकानेही वाईट शब्द काढला नाही. एवढा धिप्पाड माणूस, लीगमधला सगळ्यात महागड्यांपैकी एक, तो म्हणतो मला थांबायचंय. त्याच दुपारी मी साहेबांना सांगितलं. पुढच्या मोसमात बडीने ८१ गोल केले तेव्हा त्यातला प्रत्येक मला स्वतःचा वाटला.

हिशेबनीस

@ओसरीवरून, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आकड्यांत हे येत नाही.

कपाच्या मुद्द्यावर मी ठाम आहे. पण यारा_काठचा यांचं बचावपद्धतीचं स्पष्टीकरण पटलं. काल रात्री बसून १९९० च्या दशकातले दोन सामने आणि २०१७ चा तो कार्लटनचा सामना लागोपाठ पाहिले. मोकळ्या जागेतला फरक नजरेत भरतो. आणि २०१८ मध्ये तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघाचा (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा मानाचा संघ) कर्णधार होता, आठव्यांदा त्या संघात. एकतिसाव्या वर्षी. हे मी आधी धरलं नव्हतं.

नवा_मेलबर्नकर

धागा वाचून मुलीने हट्ट धरलाय. वय ६. तिला या खेळात घालावं का? मारामारीचा खेळ वाटतो, आई घाबरते आहे. आणि बडीचा शेवटचा सामना कुठला, तो पाहायचाय आम्हाला.

यारा_काठचा

जरूर घाला. लहान मुलांसाठी ऑसकिक म्हणून उपक्रम असतो, जवळच्या मैदानावर आठवड्यातून एकदा. त्यात अंगावर पडणं, पाडणं काही नाही. चेंडू झेलणं, लाथ मारणं आणि टप्पा देणं एवढंच. आईने एकदा कडेला उभं राहून पाहावं, भीती जाईल.

शेवटचा सामना जुलै २०२३, एसेंडनविरुद्ध. पण तो पाहू नका. पोटरी दुखावून तो बाहेर गेला आणि ३१ जुलैला निवृत्ती जाहीर केली. निरोपाचा सामना झालाच नाही. त्याऐवजी मुलीला २०११ ची हॉथॉर्न-कॉलिंगवूड उपांत्य लढत दाखवा. आपण ३ गुणांनी हरलो, पण शेवटाकडे सीमारेषेजवळून त्याने मारलेला गोल पाहा. आजोबा आता नाहीत. त्यांनी तो गोल मात्र डोळे उघडे ठेवून पाहिला होता.

मफलर माझ्याकडेच आहे. मुलीने अजून क्लब निवडला नसेल तर सांगा, हॉथॉर्नची लहान मापाची घेऊन येतो.